रोजकीर्द माझ्या हाती देणाऱ्या बाईंस

प्रिय बाई,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, आणि असतात तरी हे पत्र तुम्हाला वाचता आलं नसतं. दर नाताळला कार्डावर इंग्रजीत दोन ओळी खरडायचो, त्यात 'थँक यू'च्या पलीकडे कधी काही उतरलं नाही. हल्ली इथल्या, ब्रिटनमधल्या, आपल्या मराठी मंडळींत निर्वासितांचा विषय निघाला की 'आयतं खायला येतात' हे वाक्य फार पटकन ऐकू येतं. तेव्हा पत्र तुमच्या नावे, वाचावं त्यांनी.

४ ऑगस्ट १९७२ ला युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना देशाबाहेर काढण्याची घोषणा केली, मुदत ९० दिवसांची. मी तेव्हा तिथल्या जिंजाला एका कापसाच्या जिनिंगमध्ये जमाखर्च बघत होतो. मालक गुजराती. मराठी घरं गावात बोटांवर मोजण्याइतकी. एंटेबे विमानतळाच्या रस्त्यावर सैनिकांच्या चौक्या होत्या, दर चौकीला पेटी उघडून दाखवायची. रोख नेता येत होती पन्नासेक पौंड. मालक कॅनडाला गेले, मी इंग्लंडला आलो, आणि माझ्या कामाची साक्ष देणारा माणूसच हरवला.

ब्रिटनला आम्ही २८ हजारांच्या आसपास आलो. सरकारने जुन्या लष्करी तळांवर छावण्या उघडल्या होत्या, त्यांतली सफोकमधली स्ट्रॅडिशॉल आमच्या वाट्याला आली. ओळखीचे सगळे लेस्टरला निघालेले. पण लेस्टरच्या नगरपालिकेने 'युगांडा आर्गस' या तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरातच दिली होती की आमच्याकडे येऊ नका. छावणीतले अधिकारीही सांगत की आशियाई वस्ती आधीच दाट असलेली शहरं सोडा, दुसरीकडे जा. दुसरीकडे म्हणजे जिथे आपलं कोणी नाही तिथे.

रोजगार खात्याची माणसं छावणीत टेबलं मांडून बसत. तीही भली होती, पण प्रश्न ठरलेला: इंग्लंडमध्ये काम केल्याचा अनुभव? शिफारसपत्र? मग गिरणीतली रात्रपाळी किंवा हॉटेलातली भांडी. त्या कामांना मी नावं ठेवत नाही, माझ्या शेजारच्या खोलीतले शाळामास्तर बसचे कंडक्टर झाले आणि सुखाने निवृत्त झाले. मला मात्र आकडेच येत होते.

तुम्ही विमेन्स रॉयल व्हॉलंटरी सर्व्हिस या स्वयंसेवी संस्थेचा हिरवा गणवेश घालून कपड्यांच्या कोठीत उभ्या असायच्या. मी ओव्हरकोट घ्यायला आलो आणि तुम्ही विचारलंत, तिकडे काय करत होता? मी सांगितलं. माझ्या जागी दुसरं कोणी असतं, तर कदाचित तुम्हीही 'अरेरे' म्हणून मोकळ्या झाल्या असतात. (नसतात झाल्या, मला माहीत आहे.) तुम्ही कोठीच्या किरकोळ खर्चाची वही माझ्यापुढे टाकलीत: तिकिटं, बसभाडं, चहासाखर. म्हणालात, याचा ताळा जमत नाही, बघा.

जमणार कसा! तुमच्या देशाने फेब्रुवारी १९७१ मध्ये शंभर पेन्सचा पौंड केला होता. वही लिहिणाऱ्या बायका अजून मनात बारा पेन्सचा जुना शिलिंग धरून हिशेब करत होत्या आणि कागदावर नवे आकडे मांडत होत्या. युगांडाचा शिलिंग शंभर सेंटचा. दशमान आकडे माझ्या हाताला सवयीचे होते. मी रोजकीर्द नव्याने लिहिली, खतावणी बांधली, आणि रोज संध्याकाळी तुम्ही ती तपासत गेलात. तपासणी कडक होती, बाई. एका पेन्सासाठी तुम्ही मला पावत्यांची पिशवी पुन्हा उपसायला लावलीत.

मग तुम्ही संस्थेच्या कागदावर पत्र टाइप केलंत. त्यात बिचारा, गरजू, संकटग्रस्त असलं काही नव्हतं. हा मनुष्य आमचे हिशेब ठेवतो, ते चोख असतात, नव्या नाण्यांत तो आमच्यापेक्षा तरबेज आहे, खात्री करायची तर मला फोन करा. हेव्हरिलच्या एका कारखान्याने खरंच फोन केला. स्टोअरमध्ये कारकून म्हणून मला घेतलं ते त्या फोनवर.

कपडे, दूध, जेवण, सगळं छावणीत मिळत होतं आणि त्याचेही उपकार आहेतच. पण खोटं न बोलता शिफारस करता यावी म्हणून आधी खरं काम देणाऱ्या तुम्हीच. हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं नाही. सांगायची हिंमत झाली नाही, इतकंच.

आयतं खाण्याबद्दल बोलणाऱ्या मंडळींना एक आठवण द्यायची आहे. माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होता, म्हणून उतरल्या दिवसापासून मला काम करायची मुभा होती. आज इथे आसरा मागणाऱ्याला अर्जाचा निकाल लागेपर्यंत सहसा कामच करता येत नाही. वर्षभर निकाल रखडला तर परवानगी मागता येते, तीही ठरावीक कामांपुरती. तुमच्यासारखी कोणी वही पुढे टाकली, तरी पुढची नोकरी त्याला धरता यायची नाही. हात बांधायचे आणि वर रिकामा बसतो म्हणायचं, हा कुठला हिशेब?

एक तक्रार मात्र राहिली. पहिला पगार झाल्यावर मी तुम्हाला हेव्हरिलला चहाला बोलावलं. बिल आलं, तुम्ही पर्स उघडलीत आणि बरोबर निम्मे पैसे बशीत ठेवलेत. बोलावणारा मी होतो, बाई. आमच्यात असं करत नाहीत.

तुमचा,
स्टोअरचा कारकून