गगनबावडा मुक्कामासाठी येणाऱ्या पिकअपधारकांना सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, नोंदणीपत्रावरील एकूण भारित वजनातून (भरलेल्या गाडीचे कमाल मान्य वजन) रिकाम्या गाडीचे वजन वजा करून उरणाऱ्या आकड्यातच माणसे, छतावरचा तंबू आणि पाणी (100 लिटर म्हणजे 100 किलो) बसले पाहिजे. जादा भाराने पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) सपाट होऊन एक्सल (चाकांचा आस) रबरी ठोकळ्यावर आदळतो व तो दणका थेट चासीला (गाडीच्या सांगाड्याला) बसतो. शिवाय फाळक्यापाशी (मागच्या झडपेजवळ) रचलेल्या वजनाने पुढची चाके हलकी पडून स्टिअरिंगचा ताबा कमी होतो आणि खडबडीत वाटेवर चासी केबिनमागे वाकूही शकते. जादा पाटे टाकले की भागले, असे कृपया समजू नये. ब्रेक, बेअरिंग आणि चासी मूळचीच राहतात. करूळ घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा. निघण्यापूर्वी भरलेल्या गाडीची वजनकाट्याची पावती सोबत आणावी.