तक्रार: लेबलवर ६० एएच, आत २० एएच, आणि धावत्या गाडीत बंद पडलेली लिथियम बॅटरी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: स्टार्टर बॅटरीची क्षमता फुगवून छापणे, धावत्या गाडीत बॅटरीने वीज तोडणे आणि तीच बॅटरी ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत करणे याबाबत.

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीची लिथियम आयर्न फॉस्फेट स्टार्टर बॅटरी मी माझ्या पेट्रोल गाडीत जुन्या ॲसिडच्या बॅटरीच्या जागी बसवून घेतली. गाडीच्या पुस्तिकेत ६० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीतल्या विजेचा साठा) बॅटरी सांगितली आहे आणि आपल्या बॅटरीवर ठळक आकड्यांत ‘६० एएच’ छापलेले आहे, म्हणून हेच मॉडेल निवडले. या बॅटरीने रात्रीच्या वेळी, भर रस्त्यात, धावत्या गाडीची वीज तोडली. आपल्या सेवा केंद्राने ती ठेवून घेतली, तपासली आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत दिली. तो शेरा मला मान्य नाही.

आधी काय घडले ते सांगते. हमरस्त्यावर गाडी चांगल्या वेगात होती. एकाएकी हेडलाइट प्रखर झाले, लगेच मंदावले, पुन्हा प्रखर झाले. पाठोपाठ स्टिअरिंगचा लाल दिवा लागला आणि स्टिअरिंग जड झाले. गाडी कशीबशी कडेला घेते तोवर इंजिन बंद पडले आणि डॅशबोर्ड काळाठिक्कर झाला. ॲसिडची बॅटरी उतरली, सेल्फ मारायची ताकद तिच्यात उरली नाही, तरी चारही इंडिकेटर लुकलुकवण्याइतका जीव तिच्यात बहुतेक वेळा असतो. इथे तेवढाही नव्हता. इंडिकेटर नाहीत, हॉर्न नाही, आतला दिवा नाही, सेंट्रल लॉक नाही. मागून अवजड वाहने येत होती आणि अंधारात उभी असलेली माझी गाडी त्यांना दिसावी असा एकही दिवा गाडीवर लागत नव्हता. डिकीतला परावर्तक त्रिकोण मागे नेऊन ठेवेपर्यंत माझे हातपाय गार पडले होते.

मदतीला आलेल्या मेकॅनिकने टर्मिनलला मीटर लावला तेव्हा काट्याने अर्धा व्होल्टही दाखवला नाही. जंपर केबल जोडल्यावर काही क्षणांत तीच बॅटरी १३ व्होल्टच्या वर दाखवू लागली आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. उतरलेली बॅटरी अशी वागत नाही. आतल्या संरक्षक सर्किटने, म्हणजे बीएमएसने, सेल बाहेरच्या जगापासून पूर्ण तोडून टाकले होते आणि बाहेरून चार्जिंगचा दाब (व्होल्टेज) मिळाल्यावर पुन्हा जोडले.

बीएमएस असावे की नसावे हा माझा वाद नाही. लिथियमचे सेल जास्त दाबाने, जास्त करंटने किंवा अति उष्णतेने खराब होतात, त्यांना राखण असायलाच हवी. पण स्टार्टर बॅटरीचे काम फक्त सेल्फ मारणे नाही. गाडी चालू असताना अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या जनित्राचा, दाब आवरून धरण्याचे कामही तीच करते. अल्टरनेटर भरपूर करंट देत असताना बॅटरी अचानक सुटी झाली, तर तो करंट जायला जागा राहत नाही आणि दाब उसळतो. यालाच ‘लोड डंप’ म्हणतात. आयएसओ १६७५०-२ या मानकात, अल्टरनेटरला दाब आवरणारी सोय नसेल तर १२ व्होल्टच्या गाडीसाठी ७९ ते १०१ व्होल्टपर्यंतच्या झटक्याची चाचणी दिलेली आहे. तशी सोय असेल तर ३५ व्होल्टची. ही बाब गाड्यांच्या क्षेत्रात जुनी आणि सर्वश्रुत आहे. आपल्या अभियंत्यांना ती ठाऊक नसेल असे मी मानत नाही. तरीही आपल्या माहितीपत्रकात धावत्या गाडीत बॅटरी सुटी होऊ शकते याविषयी एक ओळ नाही. त्या रात्रीनंतर माझ्या गाडीच्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर आणि डायोडची प्लेट बदलावी लागली.

आता लेबलविषयी. ‘६० एएच’च्या खाली, बॅटरी पकडायच्या पट्टीमागे झाकले जाते अशा जागी, बारीक अक्षरांत ‘शिसे-आम्ल समतुल्य’ असे लिहिले आहे. बॅटरी गाडीत बसली की ते दिसत नाही. खोक्यावर तर ते नाहीच. सेल्फ मारताना लिथियम बॅटरीचा दाब कमी खाली येतो, म्हणून लहान लिथियम बॅटरी मोठ्या ॲसिडच्या बॅटरीइतके काम करते, असा या ‘समतुल्य’चा आधार आपण मला ईमेलमध्ये कळवला. सेल्फपुरते ते खरे आहे, आणि या बॅटरीवर गाडी खरोखरच चपळाईने सुरू होत होती हे मी मोकळेपणाने सांगते. पण एएच हे ताकदीचे माप नाहीच, ते साठ्याचे माप आहे. किती करंट किती तास मिळेल, एवढेच ते सांगते. टाकीत वीस लिटर मावत असताना, नळाची धार जोरात येते म्हणून तिच्यावर साठ लिटर लिहिता येत नाही.

साठा मोजायला फार यंत्रसामग्री लागत नाही. माझ्या इलेक्ट्रिशियनने बॅटरी चार्जरवर पूर्ण भरली, तिला हेडलाइटचा एक हॅलोजन बल्ब जोडला आणि सुरुवातीपासून करंट मोजला. बल्ब साधारण ५ अँपिअर घेत होता. ६० एएचच्या बॅटरीवर तो बारा तासांच्या आसपास जळायला हवा. चार तास होतात न होतात तोच बॅटरीने वीज तोडली आणि बल्ब एका क्षणात विझला. मंद होत गेला नाही, विझला. ५ गुणिले ४ म्हणजे २० एएच. ही चाचणी आपण आपल्या केंद्रात माझ्यासमोर करावी, मी यायला तयार आहे. वजनावरूनही हिशेब उघड होतो. घरगुती इन्व्हर्टर आणि सोलरसाठी मिळणारी १०० एएचची १२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दहा-बारा किलोची असते. त्या प्रमाणात ६० एएचची सहा-सात किलो तरी भरली पाहिजे. आपली चार किलोही भरत नाही.

या खोट्या आकड्याचा परिणाम फक्त कागदावर राहत नाही. गाडी उभी असतानाही अलार्म, रिमोट, संगणक मिळून थोडा करंट खातात. माझ्या गाडीचा तो करंट ३० मिलिअँपिअर निघाला, म्हणजे अगदी सर्वसामान्य. दिवसाला ०.७२ एएच. खऱ्या ६० एएचवर गाडी महिनाभर उभी राहिली तरी अर्ध्याहून जास्त साठा शिल्लक राहतो. २० एएचवर महिना पुरा व्हायच्या आत बॅटरी रिकामी. ‘महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवा’ ही आपली जाहिरात ज्या कमी सेल्फ-डिस्चार्जवर (बॅटरी आपोआप उतरण्याच्या कमी वेगावर) उभी आहे, तो टर्मिनल सोडवून कपाटात ठेवलेल्या बॅटरीचा असतो. गाडीला जोडलेल्या बॅटरीला तो हिशेब लागू होत नाही.

दुसरा मुद्दा चार्जिंगचा, आणि माझ्या मते त्या रात्रीचे मूळ इथेच आहे. आजच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर एकाच दाबावर चालत नाही, त्याला ‘स्मार्ट अल्टरनेटर’ म्हणतात. निगेटिव्ह टर्मिनलवरचा सेन्सर बॅटरीची स्थिती पाहतो, ती भरली आहे असे वाटले की इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचा दाब उतरवतो, आणि गाडी वेग कमी करू लागली की दाब चढवून फुकटची वीज भरून घेतो. हा सगळा हिशेब ॲसिडच्या बॅटरीवर बेतलेला असतो. ॲसिडची बॅटरी स्थिर अवस्थेत १२.६-१२.७ व्होल्टला पूर्ण भरलेली असते. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल मात्र भरल्यावर १३.३ व्होल्टच्या आसपास स्थिरावतात, आणि १२.८ व्होल्टला त्यांच्यात पाव भागाहून कमी साठा असतो. म्हणजे गाडीला जी बॅटरी भरलेली वाटते ती जवळजवळ रिकामी असते. गाडी तिला उपाशी ठेवते, मग दाब चढला की अंतर्गत रोध कमी असलेली ती लहानशी बॅटरी अल्टरनेटरकडून झेपणार नाही एवढा करंट ओढते. बीएमएसने त्याच क्षणी दार लावून घेतले असावे, असे माझ्या इलेक्ट्रिशियनचे म्हणणे आहे. ते चूक असेल तर आपण बीएमएसमधली नोंद काढून दाखवावी. माहितीपत्रकात चार्जिंग करंटची कमाल मर्यादा नाही, स्मार्ट अल्टरनेटरचा उल्लेख नाही. ‘जुनी काढा, ही बसवा, बाकी काही करायचे नाही’ एवढेच आहे.

आणि आता तो शेरा. तपासणीच्या कागदावर दोनच नोंदी आहेत: ‘व्होल्टेज १३.२’ आणि ‘टेस्टर: गुड’. लिथियम आयर्न फॉस्फेटचा दाब जवळपास सगळा साठा संपेपर्यंत सपाट राहतो, त्यामुळे १३.२ व्होल्टवरून साठ्याविषयी किंवा बॅटरीच्या तब्येतीविषयी फारसे काही कळत नाही. तो टेस्टरही ॲसिडच्या बॅटरीचा होता. त्याच्या पडद्यावर ॲसिडचे तीन प्रकार होते, लिथियमचा पर्याय नव्हता. मी तिथल्या मुलाला तसे दाखवले. त्याने मान्य केले, पण त्याच्याकडे दुसरे यंत्र नव्हते. त्याच्यावर माझा राग नाही. लिथियम बॅटरी विकायची आणि ती तपासायचे साधन आपल्याच केंद्राला द्यायचे नाही, हा निर्णय वर कुठेतरी झालेला आहे. वॉरंटी नाकारताना ‘वाहनातील विद्युत दोष’ हे कारण दिले आहे, पण माझी गाडी आपल्या कोणीही तपासलेली नाही.

सीसीए, म्हणजे थंडीत गाडी सुरू करण्याच्या ताकदीचा आकडा, त्याचेही तेच. −१८ अंश तापमानाला ३० सेकंद करंट देऊन दाब ७.२ व्होल्टच्या खाली न जाणे, ही एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेची व्याख्या. आपला आकडा किती तापमानाला, किती सेकंदांसाठी मोजला आहे, हे लेबलवर कुठेच नाही.

हलक्या बॅटरीच्या मर्यादा ग्राहकाला सांगूनही ती विकता येते. पोर्शेने २०१० पासून ९११ जीटी३सारख्या गाड्यांसाठी लिथियम स्टार्टर बॅटरी पर्याय म्हणून दिली. वजन सहा किलोपेक्षा कमी, बचत दहा किलोहून जास्त. क्षमता सरळ १८ एएच सांगितली आणि थंडीत शून्याखाली ती कमी पडते म्हणून सोबत नेहमीची ॲसिडची बॅटरीही दिली. मला गाडीच्या नाकावरचे वजन कमी करायचे होते. २० एएच असे स्वच्छ लिहिले असते तर माझ्या गाडीला, माझ्या वापराला ती चालेल का, याचा विचार मला करता आला असता. तो हक्क आपण काढून घेतला.

माझी मागणी अशी: बॅटरीची पूर्ण रक्कम परत करावी आणि अल्टरनेटरच्या दुरुस्तीचा खर्च भरून द्यावा. बदली बॅटरी मला नको. ‘दोष आढळला नाही’ हा शेरा लेखी मागे घ्यावा, आणि बीएमएस कोणत्या दाबाला, करंटला आणि तापमानाला बॅटरी तोडते ते आकडे मला द्यावेत. हे मॉडेल ज्यांच्या गाड्यांत आज बसलेले आहे त्या सर्वांना, धावत्या गाडीत बॅटरी वीज तोडू शकते आणि स्मार्ट अल्टरनेटरच्या गाडीत ती वापरू नये, असे आपण स्वतःहून कळवावे. माझे पैसे परत देऊन ही शेवटची मागणी बाजूला ठेवली गेली, तर तक्रार मिटली असे मी मानणार नाही. त्यांच्यापैकी कोणाच्या गाडीत मागच्या सीटवर लेकरे असतील.

बॅटरी माझ्याकडे आहे तशी ठेवली आहे, सील उघडलेले नाही. आपला तपासनीस कधीही येऊन पाहू शकतो, मात्र चाचणी माझ्या इलेक्ट्रिशियनसमोर व्हावी. लेखी उत्तराची वाट पाहते.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत: खरेदीचे बिल, वॉरंटी कार्ड, लेबलची जवळून काढलेली छायाचित्रे, बल्बच्या चाचणीच्या नोंदी, अल्टरनेटर दुरुस्तीचे बिल, सेवा केंद्राच्या तपासणी अहवालाची प्रत.