इनकॉग्निटोने वाय-फाय सुरक्षित होत नाही

महोदय,

सार्वजनिक ठिकाणचे मोफत वाय-फाय वापरायचे असेल तर ब्राउझरमध्ये इनकॉग्निटो विंडो उघडावी, असा सल्ला ऑनलाइन सुरक्षिततेविषयीच्या मजकुरात वारंवार वाचायला मिळतो. त्यामागचा हेतू चांगला असेलही, पण तो सल्ला चुकीचा आहे आणि वाचकाला खोट्या भरवशावर ठेवणारा आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

इनकॉग्निटो विंडो बंद केली की तेवढ्या वेळचा इतिहास आणि कुकीज (संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) त्या उपकरणावरून पुसल्या जातात. तिचे काम एवढेच. तोच संगणक नंतर वापरणाऱ्या माणसाला आपण काय पाहिले ते कळत नाही, हा फायदा खरा आहे. मात्र आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो, हे वाय-फाय चालवणाऱ्याला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला साध्या विंडोत जितके दिसू शकते, तितकेच इनकॉग्निटोमध्येही दिसू शकते.

घोळ होतो तो दोन वेगळी संरक्षणे एकच मानल्यामुळे. वाय-फायचा पासवर्ड आणि त्यामागील डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ हे कूटलेखन (माहिती इतरांना वाचता येऊ नये म्हणून सांकेतिक रूपात बदलण्याची पद्धत) फक्त फोनपासून राऊटरपर्यंतच्या हवेतल्या टप्प्याचे रक्षण करते. राऊटरच्या पुढे त्याचा संबंध संपतो. पासवर्ड न विचारणाऱ्या नेटवर्कवर सहसा तेवढेही नसते. पासवर्ड भिंतीवर लावलेला असेल, तर डब्ल्यूपीए-२ मध्ये तो ठाऊक असलेला कोणीही, आपण नेटवर्कला जोडले जात असतानाची देवाणघेवाण टिपून, पुढची माहिती उलगडू शकतो. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ ने ही फट बुजवली, पण समोरचा राऊटर कोणता आहे हे ग्राहकाला कोण सांगणार?

दुसरे संरक्षण, म्हणजे ब्राउझरपासून थेट संकेतस्थळाच्या सर्व्हरपर्यंत टिकणारे कूटलेखन, ते एचटीटीपीएस. म्हणूनच सुचवायची असेल तर ब्राउझरमधील एक सेटिंग सुचवावी : ‘गोपनीयता आणि सुरक्षा’ या भागात जाऊन नेहमी सुरक्षित (म्हणजे एचटीटीपीएस) जोडणीच वापरण्याचा पर्याय सुरू करणे. फायरफॉक्समध्ये हा पर्याय २०२० पासून आहे, क्रोममध्येही आहे. तो सुरू असताना असुरक्षित पान उघडू पाहिले की ब्राउझर आधी थांबवतो आणि पुढे जायचे का, असे विचारतो. वाय-फायचे स्वतःचे लॉगिन पान उघडतानाही ही सूचना कधी कधी येते. तेवढ्यापुरती परवानगी द्यायला हरकत नाही, पण त्या पानावर ईमेलचा किंवा बँकेचा पासवर्ड मागितला, तर तिथूनच परत फिरावे. एचटीटीपीएस असले म्हणजे संकेतस्थळ प्रामाणिक आहे, असेही नाही. फसवणूक करणाऱ्यांनाही ते सहज मिळते, आणि ब्राउझरमधील पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाचा लोक नेमका हाच चुकीचा अर्थ घेत असल्याने क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदलले.

घरच्या राऊटरबाबत थोडक्यात. वाय-फायचा पासवर्ड बदलला तरी राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड वेगळा असतो आणि तो बहुधा कंपनीने दिलेलाच राहतो. तोही बदलायला हवा. डब्ल्यूपीएसची, म्हणजे वाय-फायचा पासवर्ड न टाकता उपकरण जोडून देणाऱ्या व्यवस्थेची, पिनची सोय बंद ठेवावी. ही पिन आठ अंकी दिसत असली तरी ती दोन तुकड्यांत तपासली जाते आणि शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून ठरतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत ती सापडते, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. नेटवर्कचे नाव लपवण्याचा उपाय मात्र निव्वळ मनाचे समाधान आहे. ते नाव साध्या साधनांनीही शोधता येते.

यापुढे अशा सूचना छापताना प्रत्येक सूचना हवेतल्या टप्प्यासाठी आहे, ब्राउझर ते सर्व्हर या पूर्ण वाटेसाठी आहे की केवळ आपल्या उपकरणापुरती आहे, हे सोबत नमूद करावे आणि इनकॉग्निटोचा सल्ला सार्वजनिक वाय-फायच्या यादीतून गाळावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक