अपयशी ठरवायचं कशावरून?

महोदय,

फसलेल्या उपकरणांच्या यादीत सोनीच्या बीटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरचं नाव हमखास असतं. मला ते पटत नाही. १९७५ साली आलेल्या या यंत्राची सुरुवातीची कॅसेट तासभरच चाले, प्रतिस्पर्धी व्हीएचएस पद्धतीची दोन तास. तिथे सोनी मार खाऊन गेली खरी. पण रेकॉर्डर २००२ पर्यंत बनत होते, कॅसेटा तर २०१६ पर्यंत!

उलट एचपीचा टचपॅड हा टॅबलेट घ्या. जुलै २०११ मध्ये सुमारे ५०० डॉलरला आला, ४९ दिवसांत गुंडाळला. किंमत ९९ वर येताच झुंबड उडाली. हा काय खप झाला? नगामागे तोटाच होता. विक्रीचे आकडे नंतर. ताळेबंदात शिल्लक मालाची किंमत किती घटवली, ते आधी बघावं. सरफेस आरटी या टॅबलेटपायी मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ९० कोटी डॉलरचा फटका दाखवला होता.

– एक वाचक