चिपळूणमधील पूरग्रस्त घरे आणि दुकाने पुन्हा उभी करण्यासाठी साह्याचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

२२ जुलै २०२१ रोजी पहाटेपासून वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि २००५ च्या पुराच्या खुणा ओलांडून वर चढले. बाजारपेठ, चिंचनाका, मुरादपूर, पेठमाप, शंकरवाडी, शेजारचे खेर्डी या भागांत तळमजले बुडाले. पाणी आता ओसरले असून मागे राहिलेला गाळ, भिजलेल्या भिंती आणि बंद पडलेली यंत्रे यांच्याशी आम्ही झगडत आहोत. या कामासाठी आमच्या नागरिक समितीला आपले साह्य हवे आहे.

पहिल्या काही दिवसांत राज्यभरातून अन्न, पिण्याचे पाणी, अंथरूण-पांघरूण आणि कपडे इतक्या आपुलकीने आले की एकही कुटुंब उपाशी राहिले नाही. त्याबद्दल कोणत्या शब्दांत आभार मानावेत हे आम्हाला सुचत नाही. तथापि, यापुढे जुने कपडे पाठवू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे. ते ठेवायला कोरडी जागा उरलेली नाही आणि त्यांची निवड करण्यात गुंतलेले हात गाळ उपसण्यासाठी हवे आहेत.

गाळ ओला असेपर्यंत फावड्याने आणि खराट्याने निघतो, परंतु एकदा घट्ट झाला की शटरच्या पट्ट्या, गटारे, स्विचबोर्डाच्या पेट्या आणि फरशीच्या सांधी यांत असा बसतो की पाण्याच्या जोरदार माऱ्याशिवाय हलत नाही. म्हणून सध्या आमची सर्वांत मोठी गरज प्रेशर पंप, चिखल ओढणारे पंप, ते चालवण्यासाठी जनरेटर, धुण्याच्या पाण्याचे टँकर आणि गाळ वाहून नेणारे डंपर यांची आहे. ज्या कंत्राटदारांकडे किंवा गाडी धुण्याच्या केंद्रांकडे अशी यंत्रे आहेत, त्यांनी ती चालकासह थोड्या दिवसांसाठी दिली तरी एकेका गल्लीचे काम उरकेल. फावडी, घमेली, गमबूट, जाड हातमोजे आणि ब्लिचिंग पावडर यांचीही टंचाई आहे.

यापुढचे काम अधिक चिकाटीचे आहे. इकडची बहुतेक जुनी घरे जांभ्याच्या चिऱ्यांची आहेत आणि हा दगड सच्छिद्र असल्याने पाणी पोटात धरून ठेवतो. त्यातच श्रावण तोंडावर आलेला, हवेत दमटपणा भरलेला. वरून कोरडी दिसणारी भिंत आत महिनोन् महिने ओली राहते आणि तिच्यावर घाईने पुट्टी-रंग चढवला की फुगे येऊन पापुद्रे सुटतात. गणपतीपूर्वी घर रंगवून व्हावे ही प्रत्येकाची इच्छा आम्हाला समजते, कारण कोकणात त्या सणाला घर सोडून कोणी राहत नाही. तरीही यंदा चुन्याचा साधा हात मारून थांबावे, सुटलेला गिलावा काढून टाकावा, भिंतीला टेकलेली कपाटे पुढे ओढावीत आणि वारा खेळता ठेवावा, असेच आम्ही घरोघरी सांगत आहोत. मोठे पंखे आणि हवेतील ओल शोषणारी यंत्रे मिळाल्यास ती आळीपाळीने घरांना देता येतील. वृद्ध, दमेकरी आणि लहान मुले असलेल्या घरांना आम्ही आधी देऊ, कारण बुरशीचा त्रास त्यांनाच सर्वाधिक होतो.

परवानाधारक वीजतंत्री मिळणे तितकेच निकडीचे आहे. पाण्याखाली गेलेले वायरिंग तपासल्याशिवाय मुख्य स्विच चालू करणे जिवावर बेतू शकते. पिठाची गिरणी, शिवणयंत्र, शीतकपाट किंवा लेथ यांच्या मोटारीही तशाच सुरू केल्या तर जळतात. स्वच्छ पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, तारांवरील विद्युतरोधक आवरण (इन्सुलेशन) मेगर या मापकयंत्राने तपासल्यावर त्यांतल्या अनेक वाचू शकतात. मोटार दुरुस्त करणारे आणि वाइंडिंग करणारे कारागीर चार दिवस इथे येऊन राहिले, तर कित्येक छोट्या व्यावसायिकांची नवी यंत्रे घेण्याची वेळ टळेल. टाळेबंदीतून नुकते सावरत, सणाच्या हंगामासाठी उधारीवर माल भरलेल्या या दुकानदारांपैकी अनेकांचा विमा नाही. जमा होणाऱ्या निधीवर पहिला हक्क त्यांचा आणि भाड्याच्या जागेत राहणाऱ्या कुटुंबांचा असावा, असे समितीचे स्पष्ट मत आहे.

ज्यांचा विमा आहे त्यांनी भिजलेला माल फेकण्यापूर्वी त्याची छायाचित्रे काढावीत, यादी करावी आणि पंचनाम्याची प्रत जपावी. अर्ज आणि दावे लिहून देण्यासाठी निवृत्त बँक कर्मचारी, लेखापाल आणि शिक्षक यांनी वेळ दिल्यास मोठी मदत होईल. भिजलेले दस्तऐवज, खतावण्या आणि पुस्तके कडक उन्हात किंवा इस्त्रीखाली सुकवू नयेत. पानांमध्ये टिपकागद घालून पंख्याच्या वाऱ्यावर सुकवावीत आणि लगेच जमणार नसेल तर पिशवीत घालून शीतगृहात गोठवावीत, म्हणजे बुरशी थांबते. १८६४ पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरालाही २००५ प्रमाणेच या पुराचा तडाखा बसला. कागद जतन करण्याचे ज्ञान असलेल्या व्यक्तींची या शहराला किती गरज आहे, हे वेगळे सांगायला नको.

श्रमदानासाठी येणाऱ्यांनी गटाने यावे आणि निघण्यापूर्वी समितीला कळवावे. मुंबई-गोवा महामार्गावरील वाशिष्ठीच्या पुलाची हानी झाली असल्याने रस्त्याची स्थिती विचारूनच प्रवास करावा. पायाला जखम असल्यास चिखलात उतरू नये, लेप्टोस्पायरोसिसची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी, धनुर्वाताचे इंजेक्शन झालेले असावे आणि मुखपट्टी वापरावी. राहण्याची आणि जेवणाची सोय समिती करील.

आर्थिक साह्य धनादेशाने किंवा थेट समितीच्या बँक खात्यावर द्यावे. रोख रक्कम पावतीशिवाय कोणाकडेही देऊ नये. जमा-खर्चाचा तपशील दर आठवड्याला समितीच्या कार्यालयाबाहेरील फलकावर लावला जाईल आणि बाहेरगावच्या देणगीदारांना तो पाठवला जाईल. कोणाला किती मदत द्यायची हे प्रत्यक्ष पाहणीनंतर, त्या गल्लीतील दोन रहिवाशांच्या उपस्थितीत ठरेल. विकत घेतलेले पंप आणि जनरेटर विकले जाणार नाहीत. ते पुढच्या पावसाळ्यासाठी उंचावरील जागेत ठेवले जातील आणि खेड, महाड किंवा अन्य कोणत्याही गावाला गरज पडल्यास विनामूल्य दिले जातील.

आपले नम्र,
नागरिक समितीचे सर्व सदस्य, चिपळूण