ती गाठ लपवू नका

संपादक, स.न.वि.वि.

खालच्या जागेत गाठ आली की बायका आईलासुद्धा सांगत नाहीत, मीपण गप्पच बसले, वाटाण्याएवढी होती ती लिंबाएवढी झाली, बसताना कळ यायची मग डॉक्टरांकडे गेले तर म्हणाल्या योनीच्या तोंडाशी ओलावा देणारी बार्थोलिन ग्रंथी असते, तिचं तोंड बंद होऊन आत पू झालाय. बऱ्याच गाठी साध्या असतात, आत वळलेला केस वगैरे, कोमट पाण्यात 10-15 मिनिटं बसलं की उतरतात, फक्त फोडायच्या नाहीत! पण ताप, रक्त, न भरणारी जखम असेल तर दाखवाच. आणि चाळिशीनंतर किंवा पाळी गेल्यावर नवी गाठ आली तर दुखत नसली तरी जा, कॅन्सर नाही ना बघायला तुकडा तपासावा लागू शकतो.

एक वाचक