मोबाईल वाचला म्हणून बोगस अंध?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात बातमी होती, अंधाचं सर्टिफिकेट असलेला माणूस मोबाईल वाचताना दिसला म्हणून तो बोगस. तो असेलही खोटा, आणि खोटी सर्टिफिकेटं काढणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच पाहिजे, खऱ्या लोकांचा हक्क खातेत ते. पण मोबाईल वाचला हा पुरावा होत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंध म्हणजे फक्त काहीच न दिसणारा असं नाही. चष्मा लावून, चांगल्या डोळ्यानंसुद्धा नजर ३/६० पेक्षा कमी भरली, म्हणजे बाकीच्यांना ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरून पण दिसत नाही, तरी तो अंध. आणि नजरेचा घेर १० अंशाच्या आत आला असेल तर तोपण अंध, मग समोरचं अक्षर कितीबी स्पष्ट दिसू द्या. हात पुढं ताणून मूठ धरून बघा, मुठीनं जेवढं झाकतं साधारण तेवढंच दिसायचं, बाकी सगळं गायब.

माझ्या पुतण्याचं असंच आहे, रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणतेत त्याला. आधी रातांधळेपणा आला, मग हळूहळू बाजूचं दिसायचं कमी होत गेलं. परभणीच्या स्टँडवर तो गंगाखेडच्या गाडीची पाटी लांबून वाचतो अन् पुढच्याच पावलाला कुणाच्या तरी पोत्याला अडखळतो. म्हणून हातात पांढरी काठी. लोक म्हणतेत पाटी वाचता येते तर काठी कशाला, नाटक करतंय. एका कंडक्टरनं तर सवलतीचं कार्ड बघून भरल्या गाडीत सुनावलं, 'आंधळा म्हणं, अन् मोबाईल बघतोय!' तेव्हापासून पोरगं गाडीत मोबाईल खिशातून काढतच नाही, घरून फोन आला तरी.

आंधळा म्हणावं, अंध म्हणावं का दिव्यांग, यावर लई वाद होतेत. मला विचाराल तर शब्द कुठलाबी घ्या, लोकांच्या डोक्यात डोळे मिटून देवळाबाहेर बसलेला माणूसच येतो, आणि तुमच्या बातमीनं तेच पक्कं केलं.

त्यामुळं विनंती एवढीच, बोगस छापायच्या आधी एखाद्या डोळ्याच्या डॉक्टरला विचारा, नजर किती भरली आणि घेर तपासला का. ६/१८ पासून ३/६० पर्यंत नजर असलेल्यांना कायद्यात अल्पदृष्टी असा वेगळा शब्द आहे, तोबी बातमीत वापरत जा.

एक वाचक, परभणी